गच्चीवरचा माती चाळायचा ड्रम

मंडळी, आज सकाळी गच्चीवर माझी चांगलीच फजिती झाली, म्हणून लिहून राहिलो.

दोन महिन्यांपूर्वी बायकोचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात आखडूनच राहिला. डॉक्टरनं दाबायले दिलेला रबरी बॉल पलंगाखाली धूळ खात पडला आहे. कुंड्यांची माती तीच चाळायची, तेही बंद झालं.

म्हणून मी सायकलच्या दोन रिमांवर गोल बाजारातून आणलेली जाळी गुंडाळून ड्रम केला, तो लाकडी चौकटीवर जरा तिरपा बसवला अन् फिरवायले हँडल लावलं. बारीक माती खाली पडणार, खडे दुसऱ्या टोकानं बाहेर येणार. आज पहिल्यांदा फिरवून पाहिला, तर सारी माती जाळीलेच चिकटून बसली!

बायको दारातून पाहून राहिली होती. म्हणे, "अहो, पीठ चाळताना चाळणीले थाप मारा लागते. तुमच्या ड्रमले कोण मारते?"

रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमर गेली माझी, अन् एवढं सुचलं नाही. चौकटीले एक लाकडी पट्टी अशी लटकवली, की दर फेऱ्याले ती ड्रमवर थापकन पडते.

"सरका," म्हणे, अन् तिनंच हँडल धरलं. उजव्या हातानं. माती झरझर पडू लागली. मधात थांबली, मनगट चोळलं, पुन्हा फिरवू लागली. मी मधे पडलो नाही.

शेजारचे भैया त्यांच्या गच्चीवरून बोलले, "इसमें छोटी मोटर लगा लो, मेहनत बचेगी."

मी हव-हव म्हटलं. पण तुम्हीच सांगा, लावू काय मोटर?