दाराबाहेरची पंधरा मिनिटं

कॉलेजात समाजसेवेचे तास भरायचे होते, म्हणून मी यशवंतपूरजवळच्या एका मिशनच्या शिवणवर्गात जायला लागले. बेळगावकडच्या आमच्या गावी आई लोकांची ब्लाऊज शिवते, त्यामुळे मशीन मला परकं नव्हतं. बाकी सगळंच होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि चर्चच्या आवारात पाऊल टाकलेलीही बहुधा मीच. आईनं फोनवर विचारलं, "प्रार्थनेला बसवत्यात काय गं?" मी म्हटलं, "ठाऊक नाही." खरंच ठाऊक नव्हतं.

शिकायला येणाऱ्या बायका आपला देश सोडून आलेल्या होत्या, बहुतेक म्यानमारच्या. वर्ग चालवणाऱ्या सिस्टर केरळच्या. दहाला प्रार्थना, सव्वादहाला शिवण. सिस्टरनी हजेरीची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "प्रार्थनेला आत यायचं की नाही, तुझी मर्जी." माझी मर्जी काय आहे, तेच मला कळेना. मग मी वही छातीशी धरून दाराबाहेर उभी राहायचे आणि प्रार्थना संपली की आत जायचे.

तिसऱ्या दिवसापासून एक बाई माझ्याशेजारी येऊन उभी राहू लागली. वयानं आईएवढी, तरी मला दीदी म्हणायची. तिला हिंदी जेमतेम यायचं, म्हणून आम्ही फारसं बोलत नसू. ती मुसलमान होती, तेव्हा तिला प्रार्थना नको असणार, असं मी मनाशी धरलं. सोबत मिळाली म्हणून बरंही वाटलं. फक्त ती चपला आधीच काढून हातात धरायची, ते मला समजत नसे.

वहीवर वेळ दहाची होती. दहानंतर आत आलेल्यांपुढे मी लाल टिंब द्यायचे. तिच्यापुढेही रोज दिलं. मी स्वतः तिच्याच शेजारी उभी असायचे, तरी दिलं. नियम म्हणजे नियम, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

वर्ग संपायला थोडेच दिवस राहिले. घरी न्यायला मशिनं थोडी होती, बायका जास्त. मशीन मिळालं तर माझ्याशेजारची बाई कचरा निवडायच्या गोदामातलं काम सोडणार होती. बिनदोऱ्याच्या मशीनवर कागद शिवायचा सराव असायचा, त्यात तिची रेघ सगळ्यांत सरळ यायची. पण सिस्टर वही उघडून थांबल्या.

"हिचा रोज उशीर? मग यादीत कशी घालू?"

"ती वेळेवर येते, सिस्टर. बाहेर थांबते. तिला प्रार्थना नको असेल."

"मग टिंब कशाला? प्रार्थना हजेरीत धरायची नाही, सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं असेल. मला आठवेना. सिस्टरनी तिलाच बोलावून विचारलं, बाहेर का थांबतेस.

तिनं माझ्याकडे बोट केलं. तुटक हिंदीत म्हणाली, वही दीदीकडे होती. निर्वासितांच्या कॅम्पात ज्याच्या हातात वही असते, त्याच्याजवळून हलायचं नसतं. हललं की नाव राहून जातं. म्हणून चपलाही हातात, वही आत गेली की लगेच मागोमाग जाता यावं. एकदा बहिणीचं राहिलं होतं.

"आणि प्रार्थना?" सिस्टरनी विचारलं.

तिनं खांदे उडवले. "आत खुर्च्या आहेत. बसले असते. पाय दुखतात."

सिस्टरना हसू आलं. "कॉलेजवाली, तू हिला चांगलंच उभं केलंस." मग वही माझ्याकडे सरकवली. "टिंबं तू दिलीस, खोडही तूच."

मी एकेक टिंब खोडलं आणि प्रत्येकापुढे सही केली. तिचं नाव यादीत गेलं. मला मोकळं वाटायला हवं होतं, पण मी तिच्या बहिणीचाच विचार करत राहिले. तिचं पुढे काय झालं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला मी दारात होते. ती शेजारी, चपला हातात. माझी मर्जी अजून ठरली नव्हती. पण तिचे पाय दुखत होते, एवढं आता माहीत होतं. मी आत जाऊन शेवटच्या ओळीत बसले. ती शेजारच्या खुर्चीवर टेकली आणि घोटा चोळू लागली.

सगळ्यांनी डोळे मिटले. आपण मिटावेत की नाही, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे उघडेच होते, माझ्या मांडीवरच्या वहीवर.