लावली कोणीतरी

पाणी यायच्या दिवशी वानखडे सर दारातल्या नळाला कान लावून बसत. आधी हवेची फुसफुस यायची, मग बारीक घरघर. घरघर ऐकली की मान न उचलता ते म्हणत, "लावली कोणीतरी." म्हणजे कोणीतरी लाइनला टिल्लू मोटर लावून पाणी ओढायला लागलं.

अमडापूरच्या आमच्या गल्लीत बावीस घरं आणि पाइप एकच. सरांचं घर शेवटचं, माझं त्याच्या अलीकडचं. गल्लीत मोटरी एकवीस, माझी धरून. बाविसावी नव्हती, कारण सर लावत नसत. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागत. सर हापशीवरून पाणी आणत.

"सर, तुमी बी लावा ना," गिरणीवाला सुधाकर म्हणायचा. "तुमचे जंतू काय पोलिसात सांगून राह्यले?"

"जंतू तुह्यापेक्षा शहाणे हायेत बे."

सरांनी जन्मभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. त्यांचा आवडता धडा एकच. काही जिवाणू लोह मिळवायला आपल्याभोवती एक रस सोडतात. रस बनवायला ताकद लागते, पण उपयोग शेजारच्यालाही होतो. मग एखादा फुकट्या निघतो. रस न बनवता दुसऱ्याचा वापरतो आणि जोमानं वाढतो. "फुकटेच फुकटे झाले का रस संपते, अन् सगळाच ढीग मरते," सर सांगत. "आपला रस म्हंजे मोटर न लावणं."

एकदा त्यांनी दारोदार फिरून सगळ्यांना तयार केलं. त्या पाळीला एकही मोटर लागली नाही. शेवटच्या नळालाही धार आली, करंगळीएवढी, पण आली. सरांनी सगळ्या चादरी धुतल्या आणि माझ्या कुंपणावरही वाळत घातल्या. "पाह्यलं?" एवढंच म्हणाले.

पुढच्या पाळीला घरघर आली. सर उठून सुधाकरकडे गेले.

"घरी पाहुणे हायेत, सर. आजच्या दिवस."

सुधाकरची लागली म्हणून त्याच्या शेजाऱ्यानं लावली. मग सगळ्यांनी. मीही.

संध्याकाळी मी सरांना विचारलं, "मग जिवाणूंमध्ये सहकार टिकलाच कसा?"

"फुकट्यांचा ढीग मरते. मिळून राह्यणाऱ्यांचा ढीग वाढते. असं होता होता ते गुण टिकतात. पण लई पिढ्या जाव्या लागतात, भाऊ." आत काकू कण्हल्या. सरांनी तिकडे पाहिलं. "तिच्यासाठी कुठून आणू पिढ्या?"

दुसऱ्या दिवशी ते चिखलीला जाऊन टिल्लू मोटर घेऊन आले. सुधाकरनंच जोडून दिली. "आता कसं, सर! आले ना आमच्यात!" सर हसले नाहीत.

पाणी आलं त्या दिवशी बावीस मोटरी चालल्या. सरांच्या नळातून हवाच आली. त्यांनी सवयीनं वाकून कान लावला. "लावली कोणीतरी," म्हणाले. घरघर त्यांच्याच मोटरीची होती. त्यांनी बटण बंद केलं आणि हापशीकडे निघाले.

महिनाभरात ते काकूंना घेऊन शेगावला मेहुण्याकडे राहायला गेले. काकू तिथंच वारल्या. सर परत आले नाहीत. त्यांच्या दाराला कुलूप आहे, मोटर तशीच जोडलेली आहे.

आता लाइनवरचं शेवटचं घर माझं.