बिनआगीची उकळी

मी अकलेचे दिवे कसे पाजळले ते ऐकाच, पण आंदी चहा संपवा, नाई तं ठसका लागीन!

कारंज्याजवळ आमची संत्र्याची बाग. वीज काई आमच्या शिवारात आली नाई, सारं पाणी मोटीवर. ऐन वैशाखात चामड्याची मोट फाटली! शिवली, तेल पाजलं, तरी विहिरीतून वर येईपर्यंत अर्धी रिकामी. झाडांनी माना टाकल्या. बाग गेली तं खायचं काय?

तेवढ्यात मुंबईहून साळा आला. होड्यांच्या कारखान्यात हाये तो. त्यानं पिशवीतून काचेचं कापड काढलं. अहो, काचेचं! हातात घेतलं तं मऊ. मी पाहतच राह्यलो.

"भाऊजी, जुन्या मोटीत भुसा ठासू, वरतून हे गुंडाळू अन् इपॉक्सी राळ लावू. आळली का भुसा काढून टाकू. थेंब गळणार नाई."

राळेचे डब्बे दोन. एक राळ झटकन आळते, दुसरी सावकाश.

"आपल्या उन्हात सावकाशवालीच घ्या," साळा म्हणे.

"काऊन? झाडं मरून राह्यली अन् मी वाट पाहू?"

तो आंघोळीले गेला, अन् मी झटकनवाली कढईत ओतली! राळ आळायचं शिशीतलं औषध टाकलं, बायकोच्या पितळी डावानं घोटलं. ब्रश उचलला अन् आठवलं, नारळच नाई फोडला! नव्या कामाचा नारळ फोडायचा मान आबाजीचा, म्हणजे माह्या थोरल्या काकाचा. अन् आबाजीची चाल काय सांगू? गोगलगाय पुढं निघून जाईन!

आबाजी आले. फेटा बांधला. कढईले कुंकू लावलं. नारळ उचलला, तं कढईतून धूर! खाली काडीची आग नाई, अन् राळ उकळून राह्यली!

"देव पावला रे!" आबाजीनं तिथंच दंडवत घातला. खरं सांगतो, माह्याही अंगावर काटा आला. मीही हात जोडले.

साळा ओल्या अंगानं धावत आला. "भाऊजी, काय करून ठेवलं हे? झटकनवाली कढईत साचून राह्यली का स्वतःच्याच गरमीनं उकळते!"

तोवर राळेचा धोंडा झाला होता. डाव मधोमध उभा.

मंग सावकाशवाल्या राळेनं साळ्यानं मोट केली. मले दूर लिंबाखाली बसवलं होतं. पहिली मोट काठोकाठ भरून वर आली, एक थेंब गळला नाई! सारं गाव आ वासून पाहे. बाग वाचली.

माह्याकडं पाहून कोणीतरी पुसलं, "अन् भाऊनं काय केलं?"

बायकोनं कढई पुढं केली.

"हे आमच्या ह्यांचं काम. याच्यातूनही थेंब गळत नाई बाप्पा. पाणी आत जाईन तवा गळीन ना!"