दोरीवरचं फडकं

आमच्या शेजारचे आजोबा नॉटिंगहॅमकडच्या रीतीनं सगळ्यांना लाडानं 'डक' म्हणतात आणि दुसऱ्याचं उघडं राहिलेलं फाटकही आठवणीनं लावतात. हिवाळ्यात घोडेस्वार शिकारी कुत्री घेऊन निघायचे असले, की त्याआधी आजोबा कोल्ह्याच्या वासात भिजवलेलं एक फडकं शेतांतून ओढत नेतात. "कोल्ह्याला हात लावायचा नाही, डक, कायदा आहे. कुत्री फक्त फडक्यामागे धावतात." मी कधीच न विचारता त्यांनी हे मला चारपाच वेळा सांगितलंय.

परवा सकाळी मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेले, तेव्हा मागच्या शेतात कुत्री बेभान भुंकत होती. आणि फडकं तर आजोबांच्या परसात, दोरीवर थंडीनं कडक होऊन लटकत होतं. मी बघतच राहिले. एवढ्यात शेतातून एक किंचाळी आली आणि सगळं एकदम गप्प झालं.

आजोबा त्यांच्या दारात उभे होते. त्यांनी फडकं काढलं, कडकड मोडत त्याची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघून हसले.

"गारठा आहे, डक. आत जा."

मग त्यांनी येऊन माझं फाटक बाहेरून लावलं. दिवसभर ती कडी काढायला माझा हात धजला नाही.