तीन कांदे घेऊन माणला

माझ्या नवऱ्याने राखलेल्या बियाण्याचे यंदा तीनच कांदे उरले. ते जाऊन दोन वर्षं झाली. दीर म्हणाले, "वैनी, हे बी उतारलं. तिखटपना न्हाई ऱ्हायला. औंदा दुकानातनं आना." चिरून बघायला माझा हात होईना. तेव्हा भाची सायली म्हणाली, "मावशी, आमच्या प्रयोगशाळेत एका पेशीत काय काय आहे ते कळतं." एकच पेशी! म्हटलं, कांद्याला पत्ताही लागणार नाही. निघाले.

निघोज्याहून शेअर रिक्षाने कुरुळी फाटा, तिथून बस. मोशीपर्यंत ट्रकांच्या मागे रांगत गेलो. भोसरीत बस बदलताना मिसळ खाऊन घ्या, पुढे हिंजवडीत चहासुद्धा महाग. शेजारच्या बाईने पिशवीत डोकावून विचारलं, तीनच कांदे? तपासायला चाललेत म्हटल्यावर तिने आपली मेथी मांडीवर ओढून घेतली.

हिंजवडीपुढे माणला, सायलीच्या प्रयोगशाळेत पोचल्यावर कळलं, एका पेशीसाठीही कांदा चिरावाच लागतो. मी एक दिला. सायलीने तो वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात चिरला, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळलं नाही. मग एक पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, केसाहून बारीक काचेच्या नळीने एका पेशीतला रस ओढला आणि रेणूंची वजनं करणाऱ्या यंत्रात सोडला. पडद्यावर सुळके उठले. तिखटपणा चिरल्यावर बनतो म्हणे, पेशीत त्याचा कच्चा माल असतो. त्याचा सुळका चांगला उंच होता. मी दिरांना फोन लावायला घेतला.

सायलीने थांबवलं आणि लगतची पेशी लावली. सुळका निम्मा. एकाच घरातल्या दोन जावा.

"असंच असतं, मावशी. खूप पेशी बघाव्या लागतील. बाकीचे दोन्ही कांदे दे."

"ते लावायचेत. त्यांचंच बी धरायचंय."

"आणि उतरलेलं निघालं तर?"

"तर सौम्य कांदा खाऊ."

उरलेला अर्धा कांदा डब्यात घालून परत आणला. जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. येताना मला मोशीच्या गर्दीतच अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी दिरांना भज्यांना बोलावलं आणि विळी त्यांच्यापुढे सरकवली. अर्धाच कांदा, पण तो संपेपर्यंत त्यांनी दोनदा बाहीला डोळे पुसले.

"लावा, वैनी," म्हणाले.

मी लांब चुलीपाशी होते. तरी मीही पदराला डोळे पुसून घेतले आणि पीठ कालवलं.