तळ्याची उलटी फेरी

लिफ्टचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे 'खात्री' म्हणायचे. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिना उतरायचा, आणि परत वर जाऊन पुन्हा ओढून बघायचं. बायको म्हणायची, "चोर राहिला बाजूला, एक दिवस तुम्हीच ते कुलूप तोडणार." माणसांच्या बाबतीतही तेच. कोणी जरा जास्त गोड बोललं की याच्या मनात पाल चुकचुकलीच.

हल्ली मात्र त्याच्या संशयाला कारण होतं. वर्षभरापूर्वी त्याच्या डाव्या कानाने दगा दिला होता. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला वाटायचं, हे मुद्दाम दुर्लक्ष करतात; तिचा तो गैरसमज त्याने जपून ठेवला होता.

लपवण्याचं कारण साधं होतं. लिफ्ट अडकली की त्याचा जोडीदार शाफ्टच्या उभ्या बोगद्यात लिफ्टच्या टपावर उभा राही आणि हा वरच्या मशीनच्या खोलीत ब्रेक सोडून चाक हाताने फिरवी. जोडीदार खालून ओरडणार, "वर घे," हा ओरडणार, "वर घेतो," आणि मगच चाक हलणार. जोडीदार "थांब" म्हणाला की "थांबलो." बोललेलं परत बोलल्याशिवाय दोघांपैकी कोणी बोटही हलवायचं नाही. वॉकीटॉकी होती, पण शाफ्टमध्ये ती नुसती खरखरायची. म्हणून खात्री आता मशीनच्या खोलीच्या जमिनीत लिफ्टचा दोर खाली जातो त्या भोकाला उजवा कान लावून काम करायचा. कान गेल्याचं कळलं तर मशीनची खोली गेली, जोडी गेली. मग दुकानात बसून बटणांना तेलपाणी करत निवृत्तीची वाट बघायची.

सुट्टीच्या सकाळी खात्री, जोडीदार आणि त्यांचा वायरमन दोस्त असे तिघे तळ्याभोवती फेरी मारायचे. नेहमी पाणी डाव्या हाताला. खात्री काठाच्या कडेने चालायचा, म्हणजे डाव्या कानाशी फक्त तळं आणि बोलणारे दोघे उजवीकडे. झकास व्यवस्था होती.

त्या दिवशी फाटकाशी पोचल्या पोचल्या जोडीदार म्हणाला, "आज उलटं जाऊ."

"का?"

"असंच. रोज तेच तेच काय?"

"हो हो, उलटंच जाऊ," वायरमन घाईने म्हणाला. एरवी हा माणूस चहा की कॉफी यावरही वाद घालायचा. खात्रीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आता पाणी उजवीकडे आलं. खात्री मुकाट्याने डावीकडे, टेकडीच्या बाजूला सरकला.

"अरे, तिकडे काटे आहेत," वायरमन म्हणाला. "मध्ये ये की."

"आवडतात मला काटे."

"लग्नाला पंचवीस वर्षं झाली की असं होतं," जोडीदार हसला. त्याने खात्रीचा दंड धरून त्याला मध्ये ओढलं आणि स्वतः डावीकडे आला. ही परीक्षाच होती! मान डावीकडे वळवून, उजवा कान पुढे आणत खात्री झाडांकडे टक लावून बघू लागला.

"काय बघतोस?"

"पक्षी."

"कुठाय?"

"उडाला."

मग दोघे हळू बोलू लागले की काय, असं त्याला वाटलं. जोडीदाराचे ओठ हलत होते. खात्री अंदाजाने मध्येच "खरंय" म्हणाला, मध्येच हसला. वायरमनने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिल्यासारखं वाटलं. कामावरच्या साहेबांनीच पाठवलंय या दोघांना, त्याने ठरवून टाकलं.

ओढ्यावर लाकडी पूल होता, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. वायरमन पुढे, खात्री मधोमध, जोडीदार मागे. मागून कसला तरी आवाज आला. मागून हाक मारणार, मी ऐकतो का ते बघणार! खात्री जागच्या जागी खिळला आणि खणखणीत आवाजात ओरडला, "थांबलो!"

वायरमन वळला. जोडीदार पुलाच्या तोंडाशी कठड्याला धरून गुडघा चोळत उभा होता. तो बघतच राहिला.

"मी काही बोललोच नाही."

"नाही कसं? आवाज आला."

"कण्हलो असेन. गुडघा धरलाय माझा. नेहमीच्या फेरीतल्या पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून तर उलटं आलो." तो वायरमनकडे बघत म्हणाला, "याला सांगितलं होतं, बोंब मारू नकोस म्हणून."

ते 'थांबलो' आठवून जोडीदाराचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो लंगडत जवळ आला.

"परवा. त्या दवाखान्याच्या इमारतीत. मी थांब म्हणालो, तू थांबलो म्हणालास, आणि टप आणखी वीतभर वर आला. मला वाटलं, ब्रेक ढिला आहे. काल दिवसभर डोकं खाजवत बसलो." तो थांबला. "ऐकलं होतंस का तू?"

खोटं बोलायला वेळ होता. जिभेवर आलंही होतं.

"नाही. थोडं उशिरा कळलं. आधी अंदाजाने 'थांबलो' म्हणालो, नक्की कळेपर्यंत हात चाक फिरवतच राहिला."

"अंदाजाने." जोडीदाराने डोक्यापासून चार बोटांवर हात आडवा धरला, शाफ्टचं छत दाखवत. "एवढीच जागा उरली होती माझ्या डोक्यावर."

वायरमन खाली पाण्यात बघू लागला.

"डावा कान," खात्री म्हणाला. "पूर्ण गेलाय. उजवाही आता..."

"मला का नाही सांगितलंस?"

"जोडी तुटली असती."

"आता नाही तुटणार?"

ओढ्याच्या पलीकडे दुसरी माणसं पूल मोकळा व्हायची वाट बघत उभी होती. तिघे पुढे सरकले, आणि पलीकडच्या बाकावर जोडीदार गुडघा लांब करून बसला. खात्री उभाच राहिला.

"उद्या साहेबांकडे जाऊन येतो," तो म्हणाला. "मीच जातो. तुला जायला लावत नाही."

"सकाळी कामाच्या आधी जा. त्याआधी मी शाफ्टमध्ये पाय ठेवणार नाही."

"बरं."

"आणि घरी आज सांग. ती बिचारी तुला आडमुठा समजते."

"रागावलास?"

"फार," जोडीदार म्हणाला, आणि बाकावर त्याच्यासाठी सरकलासुद्धा नाही.