टेबलावरचा आकडा

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच लिहून मोकळी होते. मुळात माझा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. वाघोडियाच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशन बघते. दाब मोजणारं प्रत्येक यंत्र खोटं बोलतंय असं धरून चालायचं, हीच आमची नोकरी. माझा नवरा समीर म्हणतो, ही सवय मी घरीही आणते. आणते.

त्याला स्कूबाचं वेड. बडोद्याला समुद्र नाही, त्यामुळे सुट्टी मिळाली की अंदमान. त्याच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो आणि पाठीवरच्या सिलिंडरला एक लहानसा वायरलेस ट्रान्समीटर. सिलिंडरमध्ये हवा किती उरली, ते हा ट्रान्समीटर मनगटावर कळवतो. या खेपेला निघायच्या तोंडावर तो कळवेनासा झाला. स्क्रीनवर आकड्याच्या जागी नुसते डॅश... म्हणजे सिग्नल नाही.

"तू बघून ठेव ने निवांत," समीर म्हणाला. "तिथे भाड्याने साधा काट्याचा गेज मिळतो."

"भाड्याच्या गेजवर माझा भरवसा नाही."

"माझ्यावर तरी कुठे आहे?" म्हणाला आणि कॉम्प्युटर, ट्रान्समीटर माझ्याकडे ठेवून हसत गेला.

रविवारी सकाळी मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन्ही वस्तू डायनिंग टेबलावर घेऊन बसले. बॅटरी बदलली, रबरी ओ-रिंग पुसली, कॉम्प्युटरशी पुन्हा जोडणी केली. डॅशच. ते बरोबरच होतं म्हणा — सिलिंडरचा दाब मिळाल्याशिवाय हा ट्रान्समीटर जागाच होत नाही, आणि आमच्या घरात सिलिंडर फक्त गॅसचा.

चहा घेऊन परत आले, तर स्क्रीनवर ९०. भरलेला सिलिंडर दोनशे दाखवतो.

पहिला संशय अर्थातच समीरवर. यानं चोरून दुसरा ट्रान्समीटर घेतला असणार, तो घरातच कुठेतरी चालू असणार. कपाट उपसलं, माळा उपसला... काही नाही. शेजाऱ्यांचा म्हणावा, तर याचा सिग्नल भिंतीपलीकडे जात नाही. परत आले तर ७४. ट्रान्समीटरची बॅटरी काढून हातात धरली. तरीही ७१. आकडा उतरायचा, थांबायचा, परत उतरायचा. कोणीतरी श्वास घेत असल्यासारखा.

त्या वेळी समीर पाण्याखाली होता.

बोटीवरच्या माणसाचा नंबर मी समीरकडून आधीच घेऊन ठेवला होता. स्वभाव, दुसरं काय.

"उनको अभी ऊपर बुलाइए."

"टाइम है मॅडम, सब ठीक है."

टेबलावर आकडा घसरतोय, हे सांगून कोण ऐकणार? प्रतापनगरला धडधाकट असलेल्या सासूबाईंना मी फोनवरच आयसीयूत घातलं. मग मात्र तो हलला. फोन चालूच होता. शिडीवर लोखंड आपटल्याचा ठण ठण आवाज येत राहिला — वर या, अशी ती खूण. ३०... २२... १४. देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला सांगू.

शेवटी धापा टाकत समीरचा आवाज. "आईला काय झालं?"

"आई ठणठणीत आहेत. तुझा गेज किती दाखवतोय?"

"शंभर. का?"

"नळी तोंडात धर आणि श्वास घेऊन बघ."

फोनवर श्वास ओढल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "दोनदा आली हवा. आता येत नाहीये."

काटा शंभरावर अडकला होता. त्याच्या भरवशावर हा माणूस अजून बराच वेळ खाली राहणार होता. मी टेबलाकडे पाहिलं... डॅश.

पुढे कारखान्यात मी दोन्ही वस्तू सगळ्या तऱ्हेनं तपासल्या. कंपनीलाही लिहून विचारलं. असं होऊच शकत नाही, असं उत्तर आलं. माझंही तेच मत आहे. समीरला ते पटत नाही, अजून मध्येच विचारतो, "खरं सांग, तुला तिथून कोणी फोन केला होता?" घरात आता दोन संशयी माणसं झाली.

तो घराबाहेर पडला, अगदी भाजी आणायला का असेना, की मी ड्रॉवर उघडून तो कॉम्प्युटर बघते. डॅश दिसतात. मॅन्युअलमध्ये हा बिघाड म्हणून दिलाय. मला मात्र तेवढं पाहिल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.